गाडीची फडकी आणि आमचा गट

(संघाच्या सभेत ‘आमचा व्यवसाय, आमचा अनुभव’ या सत्रात एका गटाच्या सचिवताईंनी केलेलं हे भाषण. शक्यतो त्यांच्याच शब्दांत देत आहोत.)



पापड, मसाला, शिवणकाम, शेळीपालन यावर आपण इथं पुष्कळ ऐकलं. माझा विषय सांगितला तेव्हा मागच्या ओळीतल्या दोघी हसल्या, ते मी बघितलं. हसा. पहिल्यांदा आम्हीही हसलो होतो. गाड्या पुसायची फडकी धुणं हा काय धंदा झाला? धुणं तर जन्मापासून धुतोय. त्यात शिकायचं काय? हेच आम्हाला नडलं, म्हणून आज उभी राहिले.

आमचं गाव पुणे-सोलापूर रस्त्यापासून चार किलोमीटर आत. रस्त्यावर गाड्या धुवायची वॉशिंग सेंटरं आहेत, तुम्ही येता-जाता बघितली असतील. त्यातल्या एका सेंटरवर काम करणारा मुलगा आमच्या गटाच्या अध्यक्षताईंचा पुतण्या. तिथं रोजची साठ-सत्तर फडकी निघायची, रविवारी दीडशेपर्यंत. पोरं संध्याकाळी ती कशीबशी बुचकळायची आणि रेलिंगवर टाकायची. मालक म्हणाले, कोणी धुऊन देणारं असेल तर बघ. पुतण्यानं घरी सांगितलं, ताईंनी बैठकीत मांडलं. दहा जणींपैकी आम्ही चौघी तयार झालो. गटातून आठ हजार अंतर्गत कर्ज उचललं, जुनं सेमी ऑटोमॅटिक मशीन घेतलं. दर ठरला नगाला तीन रुपये. ठरला म्हणजे मालकांनी सांगितला आणि आम्ही मान हलवली.

आता हे फडकं काय असतं ते आधी सांगते, कारण सगळी गोम तिथं आहे. त्याला मायक्रोफायबर म्हणतात. दिसायला मऊ टॉवेल, पण सुताचा एक धागा त्यात नाही. पॉलिस्टर आणि नायलॉन. लेबलवर ‘पॉलिअमाइड’ लिहिलेलं असतं, ते नायलॉनच. त्याचा एकेक तंतू आपल्या केसाहून कितीतरी बारीक, आणि तो उभा चिरलेला असतो. त्या चिरांमध्ये पाणी आणि धूळ ओढली जाते आणि अडकून बसते. म्हणून तर गाडी पुसायला ते चांगलं. पण जे धूळ धरतं, ते धुताना सोडत पण नाही लवकर.

पहिल्या दिवशी आमच्या थोरल्या काकूंनी फडकं हातात घेतलं आणि टाकूनच दिलं. म्हणाल्या, “अगं, हे हाताला चावतंय.” आपले हात बघा, भेगा पडलेले. त्या भेगांना हे कापड अडकतं, अंगावर काटा येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचा उपयोग आहे.

तर आम्ही आपल्या पद्धतीनं धुतलं. गरम पाणी, पावडर, वर घासायला वडी, दगडावर दोन तडाखे. आणि चांगलं दिसावं म्हणून शेवटच्या पाण्यात ते वासाचं सॉफ्टनर टाकलं, स्वतःच्या पैशानं. घडी घालून पाठवलं. आम्हाला वाटलं, मालक खूश होतील. चार दिवसांनी निरोप आला, फडकी पाणीच पीत नाहीत, काचेवर ओघळ राहतात. आम्हाला कळेना. इतकी मऊ, इतकी वासाची फडकी, आणि पाणी पीत नाहीत?

सॉफ्टनर म्हणजे धाग्यावर बसणारा बुळबुळीत थर. साडीला, चादरीला चालतो. पण मायक्रोफायबरचं कामच मुळी त्या चिरांवर चालतं. चिरा बुजल्या की ते फडकं म्हणजे नुसतं प्लास्टिक. तेव्हा काकूंचा हात आमच्या कामी आला. धुतलेलं फडकं त्यांच्या तळव्यावरून फिरवायचं. चावलं तर ठीक. गुळगुळीत सरकलं तर त्यात सॉफ्टनर, साबण नाहीतर गाडीचं मेण राहिलंय, परत टबात. काकू म्हणतात, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भेगांना कोणी मोल दिलं.

हे निस्तरलं आणि महिना संपायला आला. बिल झालं ६,२४० रुपये. आणि हातात आले ३,७४०. मालकांनी २,५०० कापले. का, तर एका गिऱ्हाइकाच्या नव्या काळ्या गाडीवर ओरखडे उठले. उन्हात बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल. पॉलिश करून द्यावं लागलं, त्याचा खर्च आमच्या माथी. फडक्यात खडे होते म्हणे.

आम्ही काय केलं? काही नाही. पैसे घेतले आणि परत आलो. एक शब्द विचारला नाही. याचा मला अजून राग येतो, आणि तो मालकांपेक्षा आमच्यावर जास्त येतो. चौघीजणी होतो, मी सचिव, दर आठवड्याला इतिवृत्त लिहिते, आणि तिथं तोंडातून ‘का’ निघाला नाही.

घरी येऊन हिशोब मांडला. साबण ७००, लाईट ३५०, ने-आण करायला स्कूटीचं पेट्रोल ९००. म्हणजे १,९५० गेले. राहिले १,७९०. त्यातून कर्जाचा हप्ता एक हजार आणि व्याज ऐंशी. उरले ७१०. चौघीत वाटले तर एकीला १७७ रुपये. महिन्याचे. एकीनं त्यातून मुलीच्या वसतिगृहाला पाठवायचं कबूल केलं होतं. ती काही बोलली नाही, उठून मशीनवर चादर टाकली. ती चादर टाकणं मला फार लागलं.

बंद करायचं का, यावर बैठक झाली. दोघी म्हणाल्या बंद. काकू म्हणाल्या, आधी बघू तरी चूक कोणाची. माझ्या भाच्यानं एक युक्ती सांगितली, त्यानं कुठंतरी बघितली होती. जुनी सीडी घ्यायची, गाण्याची, कसलीही, आता कोणी वाजवत नाही. तिच्या चमकत्या बाजूवर फडकं दाबून आठ-दहा वेळा घासायचं आणि उन्हात तिरकी धरून बघायची. ओरखडा दिसला तर ते फडकं गाडीला लावायचं नाही. गाडीच्या रंगावर वरून एक पारदर्शक थर असतो, तो वहीच्या कागदाहूनही पातळ. सीडीवर जे उमटतं ते त्याच्यावरही उमटू शकतं.

आमच्या घरात एका लग्नाच्या सीड्या होत्या. नवऱ्याला विचारलं नाही. घासत बसलो. आणि मैत्रिणींनो, खरं ते दिसलं. काही चूक त्यांची होती आणि काही आमची.

त्यांची अशी, की सगळी फडकी एकाच पोत्यात यायची. टायर आणि चाकं पुसलेलं फडकं, आणि बॉनेट पुसायचं फडकं, दोन्ही एकत्र. चाकावर जी काळी भुकटी बसते ती नुसती धूळ नाही. ब्रेक लागताना लोखंड घासतं, त्याचे बारीक कण असतात त्यात. ते फडक्यात शिरले की साध्या धुण्यानं निघत नाहीत, आणि एकाच टबात टाकलं तर एकाचे कण दुसऱ्यात जातात. चाकाच्या सहा फडक्यांपैकी पाच फडक्यांनी सीडी ओरबाडली.

आमची चूक वाळवण्यात होती. दोरी अपुरी पडायची म्हणून आम्ही अर्धी फडकी कुंपणावर टाकायचो, काही कंपाउंडच्या भिंतीवर. कुंपणाची कुसळं आणि भिंतीची वाळू, दोन्ही त्या चिरांत जाऊन बसायची. वरून फडकं स्वच्छ, पांढरं, वासाचं. आणि दोन फडकी आम्ही घाईच्या दिवशी चुलीजवळ वाळवली होती. त्यांची टोकं आकसून खरखरीत झाली होती. प्लास्टिकच ते, आच लागली की आखडणारच. इस्त्रीसुद्धा नको.

आणि एक गोष्ट, जी फक्त आपल्या उसाच्या भागातली. कारखाना सुरू झाला की धुराड्याची काजळी उडते. दिवाळीनंतर आपल्या अंगणातल्या पांढऱ्या कपड्यांचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. त्यात कोणी पाचट पेटवलं की बघायलाच नको. ती काजळी या फडक्याला चुंबकासारखी चिकटते. गळीत चालू असताना आम्ही बाहेर काही वाळत घालत नाही.

आता आम्ही कसं धुतो ते सांगते. लिहून घ्यायचं असेल त्यांनी घ्या.

सेंटरवरच चार रंगांची पोती ठेवली. बॉडी, काच, आतली सीट-डॅशबोर्ड, आणि चाकं. चाकांचं पोतं काळं, आणि त्याचा टब वेगळा, ब्रश वेगळा, दोरीसुद्धा वेगळी. ते कधीच मशीनमध्ये दुसऱ्यांबरोबर जात नाही. पॉलिशची, मेणाची फडकीही बाजूला, कारण मेण बाकीच्यांना लागतं. ज्या फडक्याला पेट्रोलचा वास येतो ते आम्ही घेतच नाही, परत पाठवतो. घरात चूल आहे, लेकरं आहेत. आणि जमिनीवर पडलेलं फडकं पोरांनी परत गाडीला लावायचं नाही, सरळ चाकांच्या पोत्यात टाकायचं, हे त्यांच्या भिंतीवर लिहून आलोय.

फडकी आली की आधी कोरडीच झटकायची. मग साध्या पाण्यात वीस मिनिटं भिजत. या पाण्याच्या तळाशी जी वाळू बसते ती बघून तुम्हाला कळेल की आधी साबण का नको. फडकी वरून उचलायची, टब ओतून फडकी काढायची नाहीत, नाहीतर गाळ परत त्यांच्यावर. मग हाताला सोसवेल इतकं कोमट पाणी आणि पातळ लिक्विड साबण, तोही थोडा. पावडर आमच्या बोअरच्या पाण्यात पूर्ण विरघळत नाही, तिचे कण राहतात. वडी तर अजिबात नाही. सुती कपडा, साडी, टॉवेल यांच्याबरोबर धुवायचं नाही, कारण सुताची लव सगळी हे ओढून घेतं आणि मग काचेवर सोडतं. ब्लीच नको, सॉफ्टनर नको, धोपटणं नको. तीन पाणी खळबळून काढायचं. मशीनच्या ड्रायरमध्ये फिरवून घेतलं की जोरात झटकायचं, म्हणजे धागे उभे राहतात.

पाणी क्षाराचं असेल तर फडकं काही दिवसांनी कडक होतं. महिन्यातून एकदा शेवटच्या पाण्यात, वीस लिटरला अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालतो. पण नीट ऐका. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एका टबात, एका मोरीत एकत्र करू नका. त्यातून जो वायू निघतो तो छातीत जातो, जीवावर बेतू शकतं. पावसाळ्यात आम्ही पत्र्याचं पाणी धरतो, त्याच्यासारखं शेवटचं पाणी नाही. पहिला पाऊस सोडून द्यायचा, पत्रा धुऊ द्यायचा.

हातमोजा वेगळा. तो गाडीला फेस चोळायला हातात घालतात. एक प्रकार असतो त्याला शेवयांसारखे जाड दोरे लोंबतात. त्या शेवयांच्या मुळाशी खडे लपतात. त्याला बोटांनी रांगेनं फाकवत, वाहत्या पाण्याखाली धुवावं लागतं, जसं आपण मेथीच्या जुडीची माती काढतो तसं. मग उलटा करून आतली बाजू धुवायची. आत स्पंज असेल तर पिळायचा नाही, दोन तळहातांत दाबायचा. हे वाळायला सगळ्यात अवघड. दोरीवर टाकलं तर बाहेरून वाळतं, आतून ओलं राहतं आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास. आम्ही एका लाकडी फळीला बांबूच्या खुंट्या ठोकल्या आहेत, एकेका खुंटीवर एकेक हातमोजा, आत वारा खेळतो. खुंटीचं टोक घासून गोल करून घ्या. मेंढीच्या लोकरीचाही हातमोजा असतो, आमच्याकडे दोनच येतात. तो गार पाण्यात, केसांच्या शांपूनं, हलक्या हातानं धुवायचा. त्याला कातडं असतं, गरम पाणी किंवा ऊन लागलं की पापडासारखं कडक होतं.

फडक्यांनाही कडक उन्हात दिवसभर टाकू नये. नायलॉन उन्हानं जीर्ण होतं. सावली आणि वारा हवा. आम्ही गोठ्याच्या मोकळ्या अर्ध्या भागात शेडनेट लावून आत वलणी बांधल्या. खाली जमीन शेणानं सारवलेली होती, तिची धूळ उडते म्हणून ताडपत्री अंथरली. पावसाळ्यात एक पंखा. पूर्ण वाळल्याशिवाय घडी नाही. जरा दमट राहिलं तर पिशवीत बुरशी धरते, आणि मग तो वास दोन धुण्यांत जात नाही. वाळलं की रंगाप्रमाणे झाकणाच्या डब्यात. पिशवीला गाठ मारण्यापूर्वी प्रत्येक गठ्ठ्यातून एक फडकं सीडीवर. आत्तापर्यंत अकरा सीड्या झाल्या. आता गावातले लोक आणून देतात.

पाण्याचं बोलायचं राहिलं. सुरुवातीला आम्ही ते काळं पाणी परसात सोडलं. माझी कोथिंबिरीची वाफ जळून गेली, पुदिना पण. त्यात तेल, ग्रीस, चाकं साफ करायची रसायनं असतात. काही रसायनं आम्लाची असतात, एकीच्या बोटांची सालपटं निघाली तेव्हा कळलं. आता रबरी हातमोजे घातल्याशिवाय काळ्या पोत्याला हात लावत नाही. आणि चाकांची फडकी पहिल्या पाण्यातून सेंटरवरच काढून द्यायची, हे ठरवलं, कारण त्यांच्याकडे तेल आणि गाळ अडवायची टाकी आहे, आपल्याकडे नाही. बाकीचं पाणी शोषखड्ड्यात, पण तोंडाला बारीक जाळी. जाळीत रोज मूठभर लव जमते. ती प्लास्टिक आहे. चुलीत टाकू नका, ओढ्याला सोडू नका. कोरडी करून कचऱ्यात. ओढ्यावर, विहिरीवर तर ही फडकी नेऊच नका, सोपं वाटलं तरी.

आता मालकांकडे काय झालं, ते. पंधरा दिवसांनी आम्ही चौघी आणि अध्यक्षताई गेलो. बरोबर पोतं, सीड्या आणि वही. त्यांच्यासमोर त्यांच्याच चाकाचं फडकं सीडीवर घासलं. मग आमचं, कुंपणावर वाळलेलं, ते पण घासलं. ताई म्हणाल्या, आपलं कशाला दाखवायचं? मी म्हणलं, दाखवायचं, म्हणजे पहिलंही खरं वाटेल. मालकांनी दोन्ही सीड्या उन्हात धरून बघितल्या, बराच वेळ.

२,५०० परत दिले नाहीत. निम्मे तरी द्या म्हणलं, नाही दिले. पण पोत्यांचं मान्य केलं. मग दराचं बोललो. ते म्हणाले, “घरी बसून तर धुता, वेळच वेळ आहे तुम्हाला.” तेव्हा वही उघडली. रोज दोघी, तीन तास. महिन्याचे १५६ तास. तुम्ही काही कापलं नसतं तरी खर्च जाऊन तासाला साडेसत्तावीस रुपये पडतात, खुरपणीला गेलं तर याहून जास्त मिळतं. हे आकडे मी घडाघडा वाचले. पाय कापत होते, ते साडीत दिसत नाहीत.

आता नगाला पाच, हातमोज्याला दहा, चाकाच्या फडक्याला सहा. ने-आण त्यांच्या गाडीनं. नुकसान झालं तर आधी दोघांनी मिळून फडकं तपासायचं आणि मग पैशाचं बोलायचं, हे कागदावर लिहून दोन्हीकडच्या सह्या आहेत. फडकं जुनं होऊन विरलं तर तो आमचा दोष नाही, हेही लिहिलं आहे. सहा महिने झाले, त्यानंतर कापलेलं नाही. मशीनचं कर्ज दोन हप्त्यांत फिटेल. मुलीच्या वसतिगृहाला पैसे जातात, दर महिन्याला नाही, पण जातात.

शेजारच्या गावातल्या गटानं विचारलं, आम्ही पण सुरू करू का? करा. पण आधी तुमच्या जवळ सेंटर किती, त्यातली किती फडकी बाहेर देतात, ते फिरून बघा. उन्हाळ्यात पाण्याचं काय हे नक्की करा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, तेव्हा मालकांनीच पाणी द्यायचं ठरलंय, नाहीतर काम बंद. प्यायच्या पाण्यात आम्ही फडकी धुणार नाही. आणि पाच रुपयांच्या खाली कोणी जाऊ नका. एका गटानं चार केले की मालक उद्या आम्हाला साडेतीन म्हणतील.

वेळ झाली म्हणून ताई खुणावताहेत. पिशवीत सहा फडकी आणली आहेत, तीन नीट धुतलेली, तीन नाही. कुठली कुठली ते सांगणार नाही. सीड्या टेबलावर ठेवते, चहा झाला की या आणि घासून बघा. ज्यांच्या हाताला भेगा आहेत त्यांनी आधी या.